पोरगा म्हणतो, "फ्रॅटर्निटीत जातोय"

मागच्या अंकात अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांच्या खर्चाबद्दल लिहिलं होतं, त्यात राहण्याच्या सोयीबद्दल बोलताना एका ओळीत "फ्रॅटर्निटी हाउस" असा उल्लेख झाला आणि त्या एका ओळीवरच पत्रांचा पाऊस पडला. बऱ्याच पत्रांत तोच तो प्रश्न होता म्हणून चार निवडलीत. नावं कुणाचीच देत नाही, गाव आणि भाग तेवढा देतो.

प्रश्न : माझा मुलगा ऑगस्टमध्ये अमेरिकेला गेला, बारावीनंतर डायरेक्ट, इंजिनिअरिंगच्या डिग्रीला. परवा फोनवर म्हणाला आई मी रशला जातोय, फ्रॅटर्निटीत घेतलं तर पुढच्या वर्षी तिथंच राहायला जाईन. ह्यांनी नेटवर बघितलं तर दारू पाजून पोरगा मेल्याच्या बातम्या, तेव्हापासून घरात एकच विषय. ह्यांचं म्हणणं सरळ नाही म्हणून टाक. मला तर ते नक्की काय आहे तेच कळत नाही, मंडळ आहे, हॉस्टेल आहे की कसला पंथबिंथ आहे? — एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात आणि तिन्हींचा थोडा थोडा अंश त्यात आहे. मंडळासारखी वर्गणी असते, पदाधिकारी असतात, समाजसेवेचे कार्यक्रम असतात. मोठं घर असेल तर वीस-तीस पोरं एकत्र राहतात, जेवतात, म्हणजे हॉस्टेल झालंच. आणि आत घेताना शपथ असते, काही खुणा आणि विधी बाहेर सांगायचे नसतात, म्हणून तुम्हाला पंथासारखं वाटलं ते अगदीच चुकीचं नाही. रश म्हणजे सुरुवातीचे ते काही दिवस जेव्हा नवी पोरं सगळ्या घरांत चक्कर मारतात, जुनी पोरं त्यांना बघतात, ही त्यांना बघतात, मग पसंत पडला तर बोलावणं येतं, मग काही आठवडे तो प्लेज म्हणजे उमेदवार असतो आणि शेवटी दीक्षा. एक जुना मुलगा त्याचा "बिग ब्रदर" होतो. आपल्याकडं थोरल्या भावानं धाकट्याला सायकल शिकवावी तसं त्यानं ह्याला कॉलेज शिकवायचं, निदान मूळ कल्पना तरी तीच.

हे सुरू कुठून झालं ते सांगतो, कारण त्यातून तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग नावाचं गाव आहे, तिथल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी ५ डिसेंबर १७७६ ला फाय बीटा कॅपा नावाची संस्था काढली. साल बघा, त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेनं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता, लढाई चालू होती, आणि ही सतरा-अठरा-वीस वर्षांची पोरं गावातल्या रॅले टॅव्हर्न नावाच्या खानावळीत जमून ठरवत होती की आपण आपसात कुठल्याही विषयावर मोकळं बोलायचं आणि बोललेलं बाहेर न्यायचं नाही. नावातली तीन अक्षरं म्हणजे एका ग्रीक वाक्याची आद्याक्षरं, फिलॉसॉफिया बिऊ किबरनेटीस, म्हणजे ज्ञानाची ओढ हेच आयुष्याचं सुकाणू. ग्रीक अक्षरांचं जे खूळ आज तुमच्या मुलाच्या टी-शर्टवर दिसेल ते इथून आलं.

गुपित कशाला लागलं? तर तेव्हाचं कॉलेज म्हणजे लॅटिन-ग्रीकचं पाठांतर, मास्तर विचारणार, पोरानं म्हणून दाखवायचं, चुकला की झाला अपमान. चालू काळातलं काही वाचायचं, राजकारणावर वाद घालायचा, स्वतःच्या भाषेत निबंध लिहून चारचौघांत वाचायचा याला वर्गात जागाच नव्हती. मग ती जागा पोरांनी वर्गाबाहेर काढली. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात भावतं ते हेच, की ते दारूसाठी जमले नव्हते, बोलायला जमले होते.

मूळची शाखा टिकली मात्र चारच वर्षं. १७८१ मध्ये इंग्रजांची फौज जवळ आली, कॉलेज बंद पडलं, बरीच पोरं आधीच सैन्यात गेलेली. पण त्याच्या आधी त्यांनी एक काम करून ठेवलं होतं, एलिशा पार्मली नावाचा एक विद्यार्थी उत्तरेकडं निघाला होता त्याच्या हाती येल आणि हार्वर्डला शाखा काढायची सनद दिली होती. १७८० ला येल, १७८१ ला हार्वर्ड. घर जळालं पण विस्तव शेजाऱ्याकडं पोचला होता असं म्हणा. पुढं १८३१ मध्ये हार्वर्डच्या शाखेनं गुप्तता सोडून दिली आणि फाय बीटा कॅपा हळूहळू हुशार विद्यार्थ्यांचा मान म्हणून राहिली, आजही आहे. पण ग्रीक अक्षरं, शपथ, खूण, शाखा हा साचा तयार झाला होता.

तो साचा खरा उचलला न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या युनियन कॉलेजनं. १८२५ ला तिथं कॅपा अल्फा निघाली, १८२७ ला सिग्मा फाय आणि डेल्टा फाय, आणि आजच्या अर्थानं जी फ्रॅटर्निटी म्हणतात ती इथून सुरू झाली असं मानतात. नंतर लोण ओहायोत गेलं, तिथं ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात मायामी युनिव्हर्सिटी आहे (फ्लोरिडातलं मायामी नाही, तो घोळ सगळ्यांचा होतो), तिथंच १८३९ ला बीटा थीटा पाय, १८४८ ला फाय डेल्टा थीटा, १८५५ ला सिग्मा काय. एका खेड्यातल्या कॉलेजातून देशभर पसरलेल्या तीन संस्था. पसरल्या कशा तर अगदी साधं, एखादा मुलगा कॉलेज बदलायचा, एखादा शिकून मास्तर म्हणून दुसऱ्या गावी जायचा, तिथं पाच-सहा चांगली पोरं हेरायचा आणि मूळ शाखेला पत्र लिहून सनद मागायचा.

तिसरीची, सिग्मा कायची, गोष्ट तुमच्या मुलाला जरूर सांगा. मायामीत आधीच एक बारा जणांची फ्रॅटर्निटी होती. कॉलेजच्या साहित्य मंडळात "कवी" हे पद निवडायचं होतं. फ्रॅटर्निटीचा एक गडी उभा होता आणि सगळ्यांनी त्यालाच मत द्यायचं असा आग्रह होता. त्यातले काही म्हणाले की बाहेरचा मुलगा याच्यापेक्षा चांगला कवी आहे, आम्ही त्यालाच मत देणार. झालं, महिनोन्‌महिने भांडण, बाराचे सहा-सहा झाले आणि न वाकलेल्या सहा जणांनी एक सातवा सोबती घेऊन नवी संस्था काढली. भाऊ आहेस म्हणून डोळे झाकून मत देणार नाही, एवढ्या एका मुद्द्यावर उभी राहिलेली संस्था आहे ती.

आता भीतीचा भाग. ताई, तुमच्या मिस्टरांची भीती खोटी नाही. तिकडं त्याला हेझिंग म्हणतात, आपण रॅगिंग म्हणतो, आणि त्यात पोरं मेलीत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण तो मूळचा भाग नाही. उलट व्हर्जिनियातल्या लष्करी शाळेत १८६९ च्या पहिल्याच दिवशी सिग्मा न्यू नावाची फ्रॅटर्निटी निघाली ती ज्युनिअर पोरांचा जो छळ व्हायचा त्याच्या विरोधात निघाली होती. तर मुलाला नाही म्हणू नका, प्रश्न विचारायला लावा. वर्षाची वर्गणी किती, घरात राहायची सक्ती आहे का, नव्या पोरांना रात्री-अपरात्री काय काय करायला लावतात, मागच्या दोन-तीन वर्षांत कॉलेजनं त्यांच्यावर काही कारवाई केलीय का. हा शेवटचा प्रश्न त्यांना विचारायचीही गरज नाही, डिसेंबर २०२४ मध्ये तिकडं नवा कायदा झालाय, त्यानुसार कॉलेजला हेझिंगचे दोषी ठरलेले प्रकार आपल्या वेबसाइटवर टाकावे लागतात, त्यात त्या फ्रॅटर्निटीचं नाव आहे का ते तुम्ही नाशकात बसून बघू शकता. आणि एक गोष्ट ठासून सांगा, दारूचं कायदेशीर वय तिकडं एकवीस आहे, तुमचा मुलगा अठराचा, पोलिसांत नाव गेलं तर व्हिसाला अडचण येऊ शकते, तेव्हा ग्लास हातात घेतला नाही म्हणून ज्यांचं तोंड वाकडं होतं त्यांच्यात राहायचंच कशाला.

अजून एक, दक्षिण आशियाई पोरांनी काढलेल्या फ्रॅटर्निट्याही आहेत आता. १९९४ ला बिंगहॅम्टनला आयोटा न्यू डेल्टा, १९९६ ला पेन्सिल्वेनिया युनिव्हर्सिटीत सिग्मा बीटा ऱ्हो, १९९८ ला टेक्सासला डेल्टा एप्सिलॉन साय, १९९९ ला लॉस एंजेलिसला बीटा काय थीटा. मुलाच्या कॉलेजात यातली कुठली शाखा असेल तर तिथंही एक चक्कर टाकायला सांगा. म्हणजे तिथं सगळं गोडच असेल असं नाही, प्रश्न तेच विचारायचे, पण दिवाळीला फराळाचा विषय निघाला तर समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : तुम्ही अमेरिकेच्या गुप्त विद्यार्थी संस्थांबद्दल लिहिता, पण आपल्या नाशकात १९०० साली मित्रमेळा निघाला तोही तरुण पोरांचाच होता, शपथ होती, गुप्तता होती. मग तीही फ्रॅटर्निटीच का म्हणू नये? — निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : सर, प्रश्न वाचून आनंद झाला, कारण मित्रमेळा जिथं भरायचा त्या तिळभांडेश्वर गल्लीतून जाताना हा विचार माझ्याही मनात येऊन गेलाय. बाहेरून बघितलं तर खूप सारखं आहे. १८९९ च्या अखेरीस प्लेगच्या काळात विनायक सावरकर, म्हसकर आणि पागे या तिघांनी राष्ट्रभक्त समूह नावाची गुप्त मंडळी केली आणि १९०० च्या सुरुवातीला तिचं उघड रूप म्हणून मित्रमेळा आला. सावरकर तेव्हा शाळेतच, सतरा पूर्ण व्हायचे होते. दर आठवड्याला बैठक, कुणीतरी विषय मांडायचा, बाकीच्यांनी चर्चा करायची, इतिहास वाचायचा, शिवजयंती आणि गणेशोत्सवात मेळा उभा करायचा. कवी गोविंद, म्हणजे आबा दरेकर, पायांनी अधू होते, पण मेळ्याची गाणी त्यांची. बोलायला जागा हवी म्हणून जमलेली तरुण पोरं, हा धागा विल्यम्सबर्गच्या त्या खानावळीशी जुळतो हे खरंच.

पण फरक मला मोठा वाटतो. फ्रॅटर्निटीची शपथ एकमेकांना सांभाळायची असते, मित्रमेळ्याची शपथ देशासाठी होती आणि वेळ आली तर एकमेकांनाही गमवायची तयारी त्यात धरलेली होती. १९०४ ला मित्रमेळ्याचा अभिनव भारत झाला, इटलीतला क्रांतिकारक मॅझिनी याच्या "तरुण इटली" या संघटनेवरून प्रेरणा घेऊन, आणि पुढचं आपल्या गावाला तोंडपाठ आहे, १९०९ ला विनायकरावांचे थोरले भाऊ बाबाराव सावरकर यांना जन्मठेप, २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघांना फाशी. कान्हेरे एकोणीसही पूर्ण नव्हते. याला फ्रॅटर्निटी म्हणणं मला जमत नाही, ते क्रांतिकारकांचं संघटन होतं. मात्र एक गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे ती लक्षात घेण्यासारखी, मोठ्या माणसांनी पोरांना जे बोलायची बंदी केली ते बोलायला पोरांनी स्वतःची खोली शोधली.

प्रश्न : मुलींसाठी असं काही असतं का, की फक्त मुलांचंच? — बारावीची विद्यार्थिनी, सिन्नर

उत्तर : असतं ना, त्याला सोरॉरिटी म्हणतात. मुलींना कॉलेजात प्रवेशच उशिरा मिळाला म्हणून हे पण उशिरा आलं. १८७० ला इंडियाना राज्यात कॅपा अल्फा थीटा निघाली, तेव्हा त्या कॉलेजात मुलींना घ्यायला लागून तीनच वर्षं झाली होती आणि वर्गात पोरं त्यांची टर उडवायची. सोरॉरिटी हा शब्द तर त्याच्याही नंतरचा, १८८२ चा. कृष्णवर्णीय मुलींची पहिली अल्फा कॅपा अल्फा, १९०८ ला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत. कमला हॅरिस हॉवर्डला शिकत असताना तिच्याच सभासद झाल्या, आई तमिळ, शिक्षण हॉवर्डचं, आणि आजही त्या तिथल्या बाकीच्या बायांना बहिणी म्हणतात. तू जाणार असशील तर वर इंदिरानगरच्या ताईंना सांगितलेले प्रश्न तुलाही लागू.

प्रश्न : आम्ही सहा जण गंगापूर रोडच्या भागात हॉस्टेलवर राहतो, सुरगाणा, पेठ आणि कळवण तालुक्यातले. फर्स्ट इयरला आमच्या भागातले अकरा जण आले होते, आता सेकंड इयरला सहाच राहिलो. आम्हाला असं काहीतरी इथं काढायचंय पण सर म्हणतात अभ्यास करा, गट-बिट पाडू नका. तुमच्या मते आम्ही काय करावं? — सहा विद्यार्थी

उत्तर : पोरांनो, तुमचं पत्र चार दिवस टेबलावर ठेवलं होतं, लगेच लिहिता आलं नाही. अकराचे सहा, हा आकडाच असा आहे की मला तिकडची एक गोष्ट आठवली आणि इकडची पण एक. तिकडची आधी सांगतो.

न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे, टेकडीवर कॉर्नेल युनिव्हर्सिटी. १९०४-०५ च्या वर्षाला तिथं सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी होते, आणि पुढच्या वर्षी त्यातला एकही परत आला नाही. सहाच्या सहा. नापास झाले म्हणून नाही तर एकटे पडले म्हणून, पैसे नव्हते, राहायला हॉस्टेल नव्हतं तर गावात कुणाच्या तरी घरी खोली घ्यायची, वर्गात कुणी शेजारी बसणार नाही, अभ्यासाची वही मागायची तर कुणाकडं मागायची. त्यानंतर जी नवी पोरं आली ती हे ऐकून हादरली आणि १९०५-०६ च्या वर्षात ती गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी जमायला लागली, सुरुवातीला नुसतं वाचन आणि एकमेकांना अभ्यासात मदत एवढंच.

त्यातली काही पोरं पोटासाठी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी हाउसमध्ये वाढप्याचं काम करायची. जरा डोळ्यापुढं आणा, ताटं वाढता वाढता बघतायत की ह्या पोरांची जुनी नोट्स कशी एकमेकांकडं जातात, सीनिअर नव्याला कुठला प्रोफेसर कसा ते कसं सांगतो, पास होऊन गेलेला नोकरीला कसा चिकटवतो. त्यांच्या लक्षात आलं की खरी ताकद त्या बंगल्यात नाही, ह्या एकमेकांत आहे. आणि त्या दारातून त्यांना फक्त वाढपी म्हणूनच आत घेणार होते.

मग वाद झाला. पॉइन्डेक्स्टर नावाचा एक वयानं थोरला विद्यार्थी या मंडळाचा पहिला अध्यक्ष होता, त्याचं म्हणणं साहित्य मंडळच ठेवा, फ्रॅटर्निटी कशाला, आपले गट पाडू नका. तुमच्या सरांसारखंच. बाकीच्यांना वाटत होतं की वाचून झालं की घरी जायचं असं मंडळ पुरत नाही, बांधिलकी पाहिजे. पॉइन्डेक्स्टर बाजूला झाला आणि ४ डिसेंबर १९०६ ला सात जणांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली. नावं सांगतो कारण ती विसरू नयेत, हेन्री कॅलिस, चार्ल्स चॅपमन, यूजीन किंकल जोन्स, जॉर्ज बिडल केली, नॅथॅनिअल मरी, रॉबर्ट ओगल, व्हर्टनर टँडी. त्यांना सात रत्नं म्हणतात. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची एकापेक्षा जास्त कॉलेजांत पसरलेली ही पहिली ग्रीक अक्षरांची फ्रॅटर्निटी.

आणि पसरली किती झपाट्यानं बघा. डिसेंबर १९०७ मध्ये, म्हणजे एका वर्षात, जोन्सनं वॉशिंग्टनला हॉवर्ड युनिव्हर्सिटीत दुसरी शाखा काढली, त्याच महिन्यात रिचमंडला व्हर्जिनिया युनियन युनिव्हर्सिटीत तिसरी, १९०८ ला कॅनडात टोरांटोला. ज्यांच्याकडं स्वतःचं घर नाही, मागं पैसेवाले माजी विद्यार्थी नाहीत अशा पोरांनी हे केलं. या सातांपैकी कॅलिस डॉक्टर झाला, चॅपमन प्राध्यापक, टँडी न्यूयॉर्क राज्यात नोंदणी झालेला पहिला कृष्णवर्णीय आर्किटेक्ट, केली तसाच तिथला पहिला कृष्णवर्णीय इंजिनिअर, जोन्सनं पुढं नॅशनल अर्बन लीग ही कृष्णवर्णीयांसाठी काम करणारी मोठी संस्था कित्येक वर्षं चालवली. सात जण, आणि तिकडं फिरून सहाच्या सहा गळाले अशी पाळी आली नाही.

पुढं थर्गुड मार्शल, जे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले, ते याच फ्रॅटर्निटीचे. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ ला बॉस्टनला पीएचडी करत असताना याच फ्रॅटर्निटीत आले, आणि २०११ मध्ये वॉशिंग्टनला त्यांचं जे मोठं स्मारक उभं राहिलं त्याची कल्पना आणि पाठपुरावा पण ह्याच फ्रॅटर्निटीचा. त्यांनी एक मोहीम चालवली होती तिचं नाव साध्या भाषेत "हायस्कूलला जा, कॉलेजला जा", म्हणजे स्वतः शिकले आणि मागच्यांना ओढायला लागले.

इथं आपल्या बाबासाहेबांची आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९१३ ला ते कोलंबियाला गेले, म्हणजे इथाकाच्या त्या गोष्टीनंतर सातच वर्षांनी आणि त्याच न्यूयॉर्क राज्यात. आधी हार्टली हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब म्हणून एक विद्यार्थ्यांचं राहायचं ठिकाण होतं तिथं, आणि शेवटी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ती मैत्री आयुष्यभर टिकली, अडचणीत पैसे भथेनांकडूनच आले. एक खोली आणि एक मित्र, माणूस किती लांब जाऊ शकतो. त्यांनीच पुढं आपल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ला उभा केला, आणि १९४६ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डू बॉइस अल्फा फाय अल्फाचे मानद सभासद होते. जग लहान आहे पोरांनो, फक्त माहीत पाहिजे.

आपल्याकडं हेच काम बोर्डिंगांनी केलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली, नाशकात १९१४ ला मविप्र म्हणजे मराठा विद्या प्रसारक संस्था उभी राहिली आणि उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला १९२० मध्ये शाहू महाराजांच्याच हातची. निफाड, दिंडोरी, चांदवडची पोरं भाकरी बांधून नाशकात यायची आणि खोली नाही म्हणून परत जायची, ती थांबली ती बोर्डिंगमुळं. पण ते मोठ्यांनी लहानांसाठी केलेलं काम होतं. इथाकाच्या पोरांनी आपलं आपण केलं. तुम्हाला दोन्ही लागणार.

आता इकडची गोष्ट. मी ८० च्या दशकात निफाड तालुक्यातून नाशकात शिकायला आलो, माझ्या खोलीत एक मुलगा होता, गणितात आमच्यात सगळ्यात पुढं. दिवाळीला घरी गेला आणि परत आला नाही. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते हे मला नंतर कळलं, रक्कम इतकी थोडी होती की आम्ही चार जणांनी चहा सोडला असता तरी भागलं असतं. आम्ही कुणी त्याच्या गावी गेलो नाही, पत्र टाकलं नाही, त्याच्या कॉटवर दुसरा आला आणि आम्ही परीक्षेला लागलो. चाळीस वर्षं झाली ह्याला. म्हणून तुमचं पत्र मला जड गेलं.

तर काय करायचं. सरांना आधी भेटा आणि सांगा की गट पाडत नाही, गळती थांबवतोय, अकराचे सहा झाले हा आकडा त्यांच्यापुढं ठेवा, बहुतेक ते स्वतःच खोली मिळवून देतील. नाव, अक्षरं, बिल्ला सगळं नंतर. पहिली गोष्ट जे पाच जण आले नाहीत त्या प्रत्येकाला फोन लावा, लागला नाही तर घरी जा, पेठच्या बाजूला अजून बऱ्याच पाड्यांवर रेंज नसते हे तुम्हालाच माहीत. कोण फीमुळं थांबला, कोणाची स्कॉलरशिप अडकली, कोणाला इंग्रजीची भीती वाटली, कोणाचं लग्न झालं, प्रत्येकाचं कारण वहीत लिहून काढा. मग त्यातलं तुमच्या हातातलं कुठलं ते बघा. स्कॉलरशिपचा फॉर्म चुकलेला असतो तो बसून नीट भरता येतो, बाकीचं सरांना सांगता येतं.

आठवड्यातून एक ठरलेली बैठक ठेवा, वेळ बदलायची नाही, कितीही थोडे आले तरी. त्यात अर्धा वेळ अभ्यास, प्रत्येकानं एक धडा दुसऱ्यांना शिकवायचा, शिकवला की स्वतःला पण कळतो. अर्धा वेळ नुसतं बोला, आपल्या बोलीत बोला, कोकणा बोला, तिथं तरी कुणी हसायचं नाही हा नियम करा. महिन्याला प्रत्येकी वीस-तीस रुपये जमवा आणि हिशोब भिंतीवर लावा, मेसचे पैसे थकले की आधी तिथून द्या आणि कुणाला दिले ते मात्र भिंतीवर लिहू नका. फक्त आपल्याच जातीचे, आपल्याच तालुक्याचे असं करू नका, येवल्याचा किंवा मालेगावचा एकटा पडलेला मुलगा दिसला तर त्यालाही बोलवा, आणि मुलींनाही, त्यांची गळती तुमच्यापेक्षा जास्त असणार.

आत घेताना कुणाला उठाबशा, नाच, शिव्या, काहीही करायला लावायचं नाही. गंमत म्हणून सुद्धा नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, पण मी कायद्याच्या धाकानं सांगत नाही. जो घाबरत घाबरत सुरगाण्याहून एसटीनं पहिल्यांदा सीबीएसला, म्हणजे नाशकाच्या मध्यवर्ती बसस्टँडवर, उतरलाय त्याला तुमच्या दारात परत घाबरवायचं का, एवढंच मनाला विचारा. शपथ घ्यायचीच असेल तर एका ओळीची घ्या, कुणी परत आला नाही तर आपण त्याला शोधायला जाऊ.

दिवाळीची सुट्टी जवळ आलीय. कॉलेज उघडेल त्या पहिल्या सोमवारी खोल्या फिरा आणि फर्स्ट इयरचं कोण कोण आलं नाही ते बघा. माझ्याकडं सायन्सच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पुस्तकं दोन पेट्या भरून पडलीत, थोडी जुनी आहेत पण गणित आणि फिजिक्स काही बदललेलं नाही, सरांनी दिलेल्या खोलीचा पत्ता अंकाच्या कार्यालयात कळवा, मी स्वतः आणून देतो.